वहिनी आणि पार्किंगमधला भूतबंगला

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या वहिनीचे. माझ्या थोरल्या भावाची बायको. उपकार हा शब्द तिला आवडणार नाही, पण दुसरा मला सापडत नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दहावीनंतर माझंही शिक्षण थांबलं असतं. अकरावी-बारावीचे सायन्सचे वर्ग फक्त तालुक्याच्या गावी होते आणि वेळेवर पोचवणारी एसटी एकच, पहाटे साडेपाचची. ती वाडीत येत नसे, फाट्यावरून जायची. वाडीपासून फाटा चालत पाऊण तास. वाटेत आंब्यांची दाट राई, मग एक पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा, आणि पऱ्याच्या पलीकडे मसणवट. भाऊ तेव्हा भिवंडीला गोदामात कामाला होता. वडिलांना पहाटे गोठ्याचं काम, आईला दमा. "पोरगा एकटा जायचा कसा?" असं म्हणून वडील गप्प बसले होते. तेव्हा वहिनी चुलीपुढून न उठताच म्हणाली, "मी सोडीन."

तिच्या लग्नाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. ती स्वतः सातवी शिकलेली.

दोन वर्षं तिनं मला सोडलं. चार वाजता उठवायची, भाकरी बांधून द्यायची, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात माझं दप्तर घेऊन पुढे चालायची. घराच्या बाहेर पडलो की म्हणायची, "बाबू, कालचं म्हण. मोठ्यानं म्हण." मग मी रसायनशास्त्राच्या व्याख्या, भौतिकशास्त्राचे नियम, इंग्रजी धड्यातली उत्तरं मोठ्यानं म्हणत चालायचो. तिला त्यातलं काही कळत नसे, पण मी अडखळलो की बरोबर कळायचं. "परत म्हण," म्हणायची. एसटी आली की मला चढवून ती परत फिरायची. एकटी.

पुढे मी बीएस्सी झालो. आज भाईंदरला एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करतोय, मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे. माझी मुलगी पाचवीत आहे. हे सगळं त्या पाऊण तासाच्या वाटेवर उभं आहे असं मला वाटतं, आणि मी ते सांगतही आलो. पाहुण्यांना सांगितलं, लॅबमधल्या सहकाऱ्यांना सांगितलं, मुलीला तर गोष्टीसारखं सांगितलं. शेवटी एक वाक्य असायचंच: "माझी वहिनी कशालाच भ्यायची नाही."

गेल्या वर्षी वैशाखात भाऊ गेला. त्या दोघांना मूल नाही, आईवडील कधीच गेलेले. दिवस झाल्यावर मी वहिनीला आमच्याकडे घेऊन आलो. मधे दोन वेळा गावी जाऊन आली ती माझ्याबरोबर, वर्षश्राद्ध तिथंच केलं, पण बाकीचा काळ आमच्याकडेच होती. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनशी तिची चांगली गट्टी जमली होती. दोघी आपापल्या हिंदीत बोलायच्या आणि दोघींनाही सगळं कळायचं. पण यंदा दसरा झाल्यापासून तिनं धोशा लावला. "घर बंद ठेवलं की वाळवी लागते. दिवाळीत दारात पणती नको? मी आता जाते. कायमची जाते."

आमचं गावचं घर वाडीच्या टोकाला आहे. शेजारची दोन्ही घरं बंद, माणसं मुंबईला. म्हणजे वहिनी तिथं खरोखर एकटी राहणार होती. तिनं राहावं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो आम्ही एका संध्याकाळी चहा पिता पिता सोडवून टाकला. भाईंदरच्याच खारीगावात राहणारी माझी बहीण, अक्का, त्यासाठी मुद्दाम आली होती.

"वहिनीला कसलं भ्या?" अक्का म्हणाली. "मसणवटीतून एकटी यायची ती, काळोखात. तूच सांगतोस ना?"

"मला कसलं भ्या," वहिनीही म्हणाली आणि कप विसळायला उठली.

रात्री बायकोनं विचारलं, "तुम्ही त्यांना नीट बसून विचारलंत का? त्यांना एकटं राहायला जमेल का म्हणून?"

"त्यात विचारायचं काय? तिनंच ठरवलंय."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं होतं. दोन खोल्या, चार माणसं, मुलीचा अभ्यास. वहिनीचं ओझं झालं होतं असं नाही, पण तिनं आपणहून जायचं म्हटल्यावर मी अडवलं नाही. सोमवारी सकाळच्या एसटीचं आरक्षण करून टाकलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, भूतबंगला होता.

आमच्या पलीकडच्या कॉम्प्लेक्समधली काही माणसं गेली चार वर्षं सोसायटीच्या जुन्या ऑफिसात मुलांसाठी वाचनखोली चालवतात. वॉचमन, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका, यांची मुलं शनिवार-रविवार तिथं येऊन वाचत बसतात. पगारी माणूस एकही नाही. मला या माणसांबद्दल पहिल्यापासून आदर, कारण आमच्या शाळेतलं वाचनालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं, आणि पुस्तकं फाटतील म्हणून हेडमास्तर किल्ली घरी घेऊन जायचे. तर या वाचनखोलीसाठी पुस्तकं जमवायला दरवर्षी सहामाही परीक्षा संपली की ते भूतबंगला लावतात. आमच्या लिफ्टमध्येही कागद चिकटवला होता. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्ही भाषांत: हिंमत असेल तर या. दुपारी चार ते सात. प्रवेशासाठी एक वाचून झालेलं गोष्टीचं पुस्तक.

मुलगी दोन दिवस आधीपासून तयार होती. चार वाजता पुस्तक छातीशी धरून दारात उभी. "मोठी आई, तू पण चल ना!"

"मी कशाला? मला बॅग भरायची हाय."

"तू तर मसणवटीतून यायचीस!"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी हसून म्हणालो, "चल गं वहिनी. तुला बघून भुतंच पळतील. उद्या जायचंयस, पोरीला तेवढंच बरं वाटेल." बायको चिवड्याचे पोहे भाजत होती, ती म्हणाली, मी नंतर बघेन. मग आम्ही तिघं निघालो.

इमारतीखालचं पार्किंग त्यांनी भूतबंगल्यासाठी घेतलं होतं. रहिवाशांनी गाड्या काढून सकाळपासून रस्त्यावर लावल्या होत्या. मांडववाल्याचं काळं कापड बांबूंना ताणून आतल्या गल्ल्या केल्या होत्या. दारावर थर्माकोलची कवटी, आणि त्या कवटीच्या बरोबर खाली लिंबू-मिरची टांगलेली. खांबाजवळ फोडलेल्या नारळाची भकलं आणि उदबत्ती.

मला हसू आवरेना. दाराशी वही घेऊन बसलेल्या बाईंनी चेटकिणीसारखे दात काळे केले होते, पण हातातल्या बांगड्या तशाच होत्या. मी त्यांना म्हणालो, "अहो, भूतबंगल्याला लिंबू-मिरची? मग भुतं आत येणार कशी?"

"भाऊ, आपलं भूत तर खोटं छे," त्या म्हणाल्या. "पण काळोख बघून खरंवालं येऊन बसलं तो? रिस्क कोण लेगा?"

रांगेत सगळे हसले. वहिनी हसली नाही. तिनं पुढे होऊन विचारलं, "जागेवाल्याला दिलात का नारळ?"

"दिया ना, दिया. सकाळी पहिलं ते काम. वॉचमनच्या हातून."

"मग बरं केलंत," वहिनी म्हणाली आणि पदर खोचून रांगेत उभी राहिली.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहीर खणा, झाड तोडा, घराचा पाया घाला, आधी त्याला नारळ द्यायचा. मी हे सगळं मागे टाकलं होतं, आणि वहिनी अजून ते धरून आहे याची मला गंमत वाटली. तो नारळ नसता तर ती आत आलीच नसती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आत आम्हा तिघांपुढे एक तरुण जोडपं होतं. पायाखाली ओलं गोणपाट, वरून ओले दोरे चेहऱ्यावर येत होते. स्पीकरवर कुणीतरी विव्हळत होतं आणि मधेच विव्हळणं थांबून मोबाइलच्या रिचार्जची जाहिरात लागली. पहिल्या वळणावर एक हडळ. फरशी पुसायच्या काळ्या दोऱ्यांचे केस. दुसऱ्या वळणावर कापडाखालून हात आला आणि त्यानं मुलीचा पाय धरला. ती आनंदानं किंचाळली, पाय जोरात झाडला आणि खालून आवाज आला, "आई गं! सॉरी बेटा, घट्ट धरला का?"

मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणालो, काय माणसं आहेत! रविवारची झोप सोडून कुणी फरशीवर पालथा पडून पोरांचे पाय धरतोय.

पहिल्या वळणापर्यंत वहिनीनं माझ्या शर्टाची बाही धरली होती. दुसऱ्या वळणावर मनगट धरलं. तिसऱ्या वळणावर अगदी मिट्ट काळोख होता आणि घंटा वाजेपर्यंत थांबायचं होतं. घंटा वाजली. जोडपं पुढे गेलं, मुलगी त्यांच्या मागे. मी पाऊल टाकलं, पण वहिनी जागची हलेना.

"चल ना," मी ओढलं.

तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिचा श्वास ऐकू येत होता, लहान लहान, धाप लागल्यासारखा. मला वाटलं, चक्कर येतेय. मी काही विचारणार तेवढ्यात समोर पांढरं कापड पांघरलेलं एक भूत उठलं. हनुवटीखाली बॅटरी, तोंड पांढरंफटक. पुढून मुलगी ओरडली.

आणि वहिनी बोलू लागली. किंचाळली नाही. मोठ्या, सपाट आवाजात, एका दमात, पाठ केलेलं म्हणावं तशी.

"आम्ही वरच्या वाडीतली माणसं. मी घरातली थोरली सून. लेकराला शाळेसाठी सोडून आलंय. घरी सासू आजारी हाय, चूल पेटवायची हाय. कुणाच्या वाटेला गेलं नाय, कुणाचं काय घेतलं नाय. वाट दे बाबा. तुझं तुला पोचवीन."

माझी आई जाऊन बारा वर्षं झाली.

भूत उभंच राहिलं. आत कापडामागे खुसखुस चालू होती, तीही थांबली. मग भुतानं बॅटरी हनुवटीखालून काढली, खाली फरशीवर धरली, आणि अगदी घरगुती आवाजात म्हणालं, "या ताई. वाट मोकळी आहे. सावकाश या, इथं वायर आहे."

तो माणूस आमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत राहिला, बॅटरीचा उजेड वहिनीच्या पावलांपुढे ठेवत. चालता चालता ओरडला, "लाइट लावा रे! पुढची बॅच थांबवा!" ट्यूबलाइट लागल्या. हडळ एका स्टुलावर बसून वेफर्स खात होती, ती पाकीट टाकून धावत आली.

बाहेर खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. वहिनीला आता शरमेनं मान वर करता येईना. भूत म्हणजे पासष्टीच्या पुढचे एक निवृत्त गृहस्थ होते. गिरगावातून इकडे राहायला आलेले. चेहऱ्यावर तांदळाचं पीठ, अंगावर घरची बेडशीट, तिच्या कडेला निळी फुलं. ते वहिनीसमोर उकिडवे बसले.

"ताई, माफ करा. आमची चूक झाली. दारावर लिहायला पाहिजे होतं, आत फार काळोख आहे म्हणून."

"तुमचं काय चुकलं?" वहिनी पदराआडून म्हणाली. "तुम्ही वाट दिलीत की."

"चार वर्षं भूत होतोय मी," ते म्हणाले. "इतक्या मानानं माझ्याशी कुणी बोललं नाही. पोरं म्हणतात, अंकल, तुमची बेडशीट वर गेलीय, पायजमा दिसतोय."

वहिनीला हसू फुटलं. हडळ झालेली कॉलेजची मुलगी कागदी कपातून चहा घेऊन आली. "आंटी, शक्कर जास्त डाली है. पी लो." रांगेतून कुणीतरी कुरकुरलं, "अरे, कितना टाइम?" तशा काळ्या दातांच्या बाई म्हणाल्या, "भूत लोग का ब्रेक है. खडे रहो चुपचाप." पंधरा मिनिटं त्यांनी सगळं थांबवलं होतं, एका अनोळखी बाईसाठी. त्या माणसांचे आभार मी त्या दिवशी नीट मानलेच नाहीत.

मुलीला त्यांनी मुखवटे दाखवायला नेलं. वहिनी आणि मी कॉम्प्लेक्सच्या बागेतल्या बाकावर बसलो. चांगलं ऊन होतं अजून, पोरं सायकली फिरवत होती.

मी विचारलं, "रोज म्हणायचीस ते?"

"रोज. तीन ठिकाणी. राईत एकदा, पऱ्यावर एकदा, आणि त्या जाग्यावर एकदा."

"एवढी भीती वाटायची?"

"वाटायची म्हणजे? पाय उचलायचे नायत." ती चहाचा रिकामा कप हातात चुरगाळत होती. "जाताना तू असायचास. मोठ्यानं म्हणायचास. मला बरं वाटायचं, माणसाचा आवाज असला की."

म्हणजे मला वाटत होतं ती माझा अभ्यास घेतेय. अभ्यासही घेतच असेल. पण माझ्या त्या व्याख्या आणि नियम तिला सोबत होते, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

"मग 'मी सोडीन' का म्हणालीस?"

"दुसरं कोण होतं?"

ती आपणहून पुढे सांगत गेली. एसटी गेली की ती फाट्यावरच्या शेडमध्ये बसायची, उजाडेपर्यंत. कधी धीर करून लवकर निघायची, पण बहुतेक दिवस बसायचीच. बसल्या बसल्या ते शब्द म्हणायची, ऐन वेळी विसरायला नकोत म्हणून. घरी पोचायला उशीर व्हायचा आणि आईची बोलणी खायची.

ते ऐकलं आणि मला एक गोष्ट आठवली. अकरावीत असताना एकदा आईनं मला विचारलं होतं, ही तुला सोडून इतका वेळ काय करते? आणि मी भोळेपणानं सांगितलं होतं, "एसटीतून बघितलं मी. शेडमध्ये कुणाशी तरी बोलत असते." खिडकीतून, तिच्या बॅटरीच्या उजेडात, मला तिचे ओठ हलताना दिसले होते. भल्या पहाटे, फाट्यावर, घरातली सून कुणाशी बोलते? आईनं त्यानंतर आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात काहीतरी बिनसलंय एवढंच मला समजलं होतं. आपण काय बोलून बसलो, ते समजलं नव्हतं.

"आईला तेव्हा सांगितलं का नाहीस, की भीती वाटते म्हणून?"

"सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, मग नको जाऊ. तुझी शाळा ऱ्हायली असती."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. मला मात्र त्या उन्हात, सायकलींच्या घंटा वाजत असताना, रडू आलं. वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. म्हणाली, "पोरगी येईल, डोळे पूस."

मी म्हणालो, "उद्या जाऊ नकोस. तिकीट रद्द करतो."

"का? भ्या वाटतं म्हणून? असं धरलं असतं तर तुझी बारावी झाली नसती." मग म्हणाली, "तिकडं मला भ्या वाटतं, बाबू. रात्री लय वाटतं. पन तिकडं माझं घर हाय. इकडं भ्या नाय, पन सकाळी उठलं की वाटतं, आता दिवसभर काय करू? दोन्ही खरं हाय. मी काय करू ते मलाच कळत नाय."

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं, आणि पहिल्यांदा तिनं सांगितलं होतं. मी एवढं केलं, की रात्री अक्काला फोन करून सगळं सांगितलं, लॅबमधून आठ दिवसांची रजा काढली आणि सोमवारी वहिनीच्या शेजारच्या सीटवर बसलो.

त्या आठ दिवसांत मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून त्या घरात राहिलो. सात वाजले की ती मागचं दार लावायची, सगळे बल्ब चालू ठेवायची, रेडिओ लावायची. संडास मागच्या अंगणात, तर उजाडेपर्यंत ती तिकडे फिरकत नसे, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायची नाही. हे भाऊ असतानाही चालत असणार, आणि त्यालाही कळलं नसेल कदाचित. मी मागच्या दाराला दिवा लावून घेतला, घर ते संडास पत्र्याचा आडोसा करून घेतला. दिवाळी तिथंच झाली, बायको-मुलगी तिथं आल्या. मग आम्ही परतलो आणि वहिनी मागे राहिली.

आल्यावर मी वाचनखोलीत गेलो आणि राहिलेले आभार मानले. भूत झालेले काका भिंगाच्या चष्म्यानं एका फाटक्या पुस्तकाला कागद चिकटवत होते. त्यांनी आधी वहिनी कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, "आभार राहू द्या, शनिवारी वेळ असतो का?" आता दर शनिवारी दुपारी मी तिथं आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. त्या माणसांनी ते काळं कापड ताणलं नसतं, तर मी माझ्या वहिनीला आयुष्यभर चुकीचं ओळखत राहिलो असतो.

फोन रोज करतो. ती म्हणते, बरं हाय, ठेव आता. म्हणून शेवटी पत्र लिहिलं. पाठवलं तेच इथं देतो.

वहिनी,

थोरांना पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची ते आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ती सुरुवात मी केली नाही. ती केली की हात आखडतो आणि पुढचं खरं लिहून होत नाही.

तू शेडमध्ये कुणाशी तरी बोलतेस, असं आईला मी सांगितलं होतं. तुला हे माहीत असेलच. तू कधी म्हणाली नाहीस. मी लहान होतो हे खरं, पण त्यानंतर पंचवीस वर्षं मी मोठा होतो आणि तरी विचारलं नाही. त्याची माफी मागतो.

दुसरं असं, की वहिनी कशालाच भीत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. मला ते खरंच वाटत होतं. पण ते मला सोयीचंही होतं. न भिणाऱ्या माणसाला सोबत लागत नाही, त्याची कुणी विचारपूस करत नाही. आता मी सगळ्यांना खरं सांगितलंय. तुला न विचारता सांगितलं, रागावू नकोस. अक्का ऐकून म्हणाली, मार्गशीर्षात पंधरा दिवस मी जाते. तिचं घरी बोलणं झालंय, ती नक्की येईल. नाताळच्या सुट्टीत आम्ही येऊ. त्यापुढचं शिमग्यापर्यंतचं तू सांगशील तसं.

तू कुठं राहायचं हे मी ठरवणार नाही. तिथं राहावंसं वाटलं तर राहा. इथं यावंसं वाटलं तर ये, पाहुणी म्हणून नाही, आणि दिवसभर काय करायचं ते आपण दोघं मिळून शोधू. वाचनखोलीतल्या त्या काळ्या दातांच्या बाई तुझी दोनदा चौकशी करून गेल्या, त्यांना जुन्या गोष्टी सांगणारं कुणीतरी हवंय. थोडे दिवस इथं, थोडे तिथं, असं हवं असेल तर तसं. एकदा ठरवलं की बदलायचं नाही असं काही नाही.

रात्री वाटलं की फोन कर. किती वाजलेत बघू नकोस. बोलायला काही नसेल तर नुसता चालू ठेव, मी इकडे जागा असेन. संध्याकाळनंतर पाणी पीत जा. मी लॅबमध्ये काम करतो, मला माहीत आहे त्यानं काय होतं.

माझा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट सोबत पाठवतोय. पोस्टमन आपल्या वाडीत रोज येत नाही, तेव्हा घाई करू नकोस. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील. पण कसं आहे ते खरं लिही.

तुझा
धाकटा दीर